बिरेक वाजला

आधीच सांगते, ती सायकल मला कधी आवडली न्हाई. लातूर नवा जिल्हा झाला तवा सासरे नव्या कचेरीत शिपाई लागले, आन् पहिल्या पगारात त्यांनी ही घेतली. नुसती उंच. बिरेकला वायर न्हाई, लोखंडी दांड्याच दांड्या. मुठीपाशी दाबलं की दांडी ओढली जाती आन् रबर चाकाला चिकटतं. सासरे गेले, गल्लीतल्या पोरांच्या गियरच्या सायकली भंगारात गेल्या, ही बया हायच. आमचे हे म्हणतात, "भरल्या घागरी लादून उतार उतरायचा तर हाच बिरेक पाहिजे. वायर तुटली तर मी घागरीसगट नाल्यात!"

बरं, बिरेक धरतो, त्याचं काय न्हाई. पर वाजतो ना मेला! यंदाच्या दुष्काळात नळ कधीचा कोरडा. हे गावाबाहेरच्या बोअरवरून पाणी आणायचे. गल्लीच्या उतारावर बिरेक दाबला की कुईंईंईं! की निघाल्या समद्यांच्या घागरी बाहेर. सगळ्यात पुढं समोरची म्हातारी नागुबाई, कळशी कमरेवर. आन् आमच्या ह्यांना न्हाई म्हणता येत न्हाई. "घे माय, घे." घरी येईस्तोवर निम्म्या घागरी रिकाम्या.

माझी रुद्राणी पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले. घरात ड्रमभर पाणी नको? माझा जीव थाऱ्यावर न्हवता. एक दिवस मी नागुबाईच्या हातातली कळशीच धरली. म्हणलं, "नागुमाय, बाळंत माझी लेक व्हायची हाय का तुमची?" म्हातारीनं कळशी सोडवून घेतली आन् गेली.

त्याच रात्री ह्यांना बजावलं, "उद्यापासून बिरेक वाजला तर भाकर मिळायची न्हाई." मग हे उताराच्या वरच उतरायचे, घागरींनी लादलेली सायकल अंगानं मागं रेटत, चपला घासत खाली यायचे. टाचा पार झिजल्या. पर गल्लीला पत्ता लागला न्हाई आन् ड्रम काठोकाठ भरला. मी घडीघडी झाकण उचलून बघायची. तरी बेचैनी जाईना.

त्या दिवशी हे भोकरला मयतीला गेलेले. दुपारी आतून रुद्राणी ओरडली, "माय, पाणी गेलं गं!"

अन् मी पळत कुठं गेले, तर ड्रमकडं! झाकण काढलं, बघते तर भरलेला. "हाय की गं पाणी," म्हणत आत आले, तर पोरगी भिंतीला धरून उभी, लुगडं ओलंचिंब, पायाखाली थारोळं. तवा कळलं कोणतं पाणी.

दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. येऊन राहिली म्हणले. येईना. ह्यांचा फोन लागेना. पोरगी कण्हून राहिली. मी दारात जाऊन बोंबलले, "अगं या गं कुणीतरी! धावा!" भर उन्हाची समद्यांची दारं बंद. एक कडी निघाली न्हाई. निघंल कशी? मी रोजच ओरडते. टँकरवाल्यावर, कावळ्यांवर, ह्यांच्यावर. "सिंधूबाई सुरू झाली" म्हणून कुशीवर वळले असतील.

काय करू, कुठं जाऊ? आत जाते, बाहेर येते. तेवढ्यात सायकल दिसली, स्टँडवर उभी. मी हातानं पायडल गरागरा फिरवलं आन् मागचा बिरेक दाबला.

कुईंईंईं! परत फिरवलं, परत दाबला.

धडाधड दारं उघडली. घागरी, डबडी, कॅन. पुढं नागुबाई, कळशी कमरेवर. मागं भीमा, रात्रभर रिक्षा चालवून झोपलेला, बनियनवर, डोळे तांबडे. "पाणी कुठंय वहिनी?"

"पाणी न्हाई रे... पोरगी..." मी आत बोट दाखवलं.

नागुबाईनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं. कळशी सायकलीपाशी ठेवली अन् सरळ आत गेली. आतूनच ओरडली, "भीमा, रिक्षा काढ! बायांनो, धरा पोरीला!" घागरी रस्त्यावर तशाच टाकून बाया धावल्या. रिक्षात रुद्राणीचं डोकं नागुबाईच्या मांडीवर. "भिऊ नको माय, मी हाय ना," म्हातारी म्हणत होती. ती पोरीला म्हणत होती, पर हुंदका मला आला.

दवाखान्याच्या पायऱ्या चढतो न चढतो तोच नात झाली. दोघी सुखरूप. संध्याकाळी भीमानं नागुबाईला घरी सोडलं. हे आले ते तडक दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला घरी आले. गडबडीत दार सताड उघडं राहिलेलं, रातभर. ड्रमकडं धावले. झाकण काढलं. काठोकाठ. अख्ख्या गल्लीला दिसत होता, अन् कुणी तांब्याभरसुद्धा घेतलं न्हवतं.

सायकलीपाशी नागुबाईची कळशी तशीच रिकामी उभी. ती गळ्यापर्यंत भरली अन् तिच्या दारात नेऊन ठेवली. हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

परत आले. ड्रमचं झाकण काढून बाजूला ठेवलं. पायडल फिरवलं अन् बिरेक दाबला.