ठासणीची बंदूक

निकिता पुण्यातल्या एका कंपनीत व्हिडिओ गेमसाठी जुनी हत्यारं तयार करायची. ठासणीच्या बंदुकीचं काम आलं, तेव्हा ती सोनपेठजवळच्या गावी आजोबांकडे गेली. बन्सीधरआबांच्या वडिलांकडे तशी बंदूक होती.

"बंदूक न्हाई राहिली, पण भरायची कशी ते दावतो," आबा म्हणाले आणि त्यांनी हातातली काठी उभी धरली. निकितानं मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. आबांनी नळीत दारू ओतल्यासारखं केलं, वर चिंधी कोंबली, छर्रे टाकले, पुन्हा चिंधी घातली आणि लोखंडी गजानं ठासल्यासारखा हात चालवायला सुरुवात केली. मग मधेच थांबले.

"पुढं काय, आबा?"

"म्या इथवरच बघितलंय. अठ्ठेचाळीस साली रझाकार गावावर चालून आले, तवा माझा बा दारात असाच ठासायलता. गज नळीतच राहिला. त्येला तिथंच कापलं."

चाळीस सेकंद झाले होते. आबांची काठी अजून उभीच होती.

पुण्यात निकितानं गेममधली बंदूक भरायला पुरे चाळीस सेकंद दिले. टीमच्या प्रमुखानं त्याचे दोन केले. "चाळीस सेकंदांत खेळणारा मरून जाईल ना," तो म्हणाला.

"हो, मरतो," निकिता म्हणाली. त्याला ते कळलं नाही.

आठवड्यानं आबांचा फोन आला. "समदं बराबर बसलं का, पोरी?"

"बसलं, आबा," ती म्हणाली, आणि तिनं त्यांच्या गुडघ्याची चौकशी सुरू केली.