कोरड्या जमिनीत रुतलेला बूट

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. आमच्या गल्लीमागच्या पाणथळीला पाय न लावता, खुर्चीतून न उठता अहवाल ठोकून दिलात: 'जागा पूर्णपणे कोरडी. पाणी आढळले नाही. भराव टाकून पार्किंग करण्यास हरकत नाही.'

मग आम्ही गल्लीतले पंधरा जण सात महिने दर रविवारी कंबरेपर्यंत पाण्यात उभे राहून उपसत काय होतो? जलपर्णी, कुजक्या गाद्या आणि अडीच कमोड. मी प्लंबर, म्हणून कमोडचा हिशेब माझ्याकडे. अर्धा अजून सापडायचाय. जागा मोकळी झाली, माझ्या आत्याने काठाने लव्हाळे लावले आणि त्यात पाणकोंबडीने पाच पिल्लं काढली.

फेरपाहणीसाठी आमचा अर्ज गेला, तेव्हा कुठे तुम्ही मंगळवारी पाहणीला आलात, आरशासारखे बूट घालून. मी फळी टाकायला गेलो, तर आत्याने माझं मनगट धरलं. बत्तीस वर्षं नर्स होती ती. तिने धरलेला हात सुटत नाही.

"फळी कशाला रे? साहेबांच्या कागदात जमीन कोरडी आहे."

"अहो बाई, चिखल दिसतोय समोर," तुम्ही म्हणालात.

"दिसतोय ना? मग तसं लिहा. फळीच काय, सतरंजी अंथरते."

सगळे हसले. तुमच्या शिपायाने तोंडाला रुमाल लावला, पण मेल्याचे खांदे हलत होते. तुम्हाला मिरच्या झोंबल्या.

"मला शिकवू नका! कोरडी म्हणजे कोरडी!"

छाती काढून एक पाऊल टाकलंत. दुसरं टाकलंत. तिसऱ्याला पाय वर आलाच नाही. गुडघ्यापर्यंत, साहेब!

"हलू नका, अजून खाली जाल," आत्या म्हणाली. "इंजेक्शन घेताना मिटता तसे डोळे मिटा. लगेच होतं."

मी आणि शिपायाने काखेत हात घालून ओढलं. तुम्ही आलात, डावा बूट नाही आला. गाडीत चढताना तुमच्या मोज्यातून पाणी टपकत होतं. तेच, 'न आढळलेलं'.

अहवाल मात्र तुम्ही बदलला नाहीत.

रविवारी मी आकड्याने बूट काढला. आत एक गोगलगाय बिऱ्हाड करून होती. तिला पाण्यात सोडून आत्याने बूट धुतला, कागद कोंबून वाळवला. बुधवारी शिपाई दारात हजर. "आत्याबाई, साहेब बूट मागतायत."

"देते की. फक्त एका ओळीत लिहून आण, बूट कुठे आणि कशात रुतला. खाली साहेबांची सही."

तो जो गेला, तो गेलाच.

आता सोमवारी भरावाचे ट्रक येणार म्हणतात. पिल्लांना अजून उडता येत नाही. बूट आमच्या खिडकीत आहे, पॉलिश करून. येणारा-जाणारा विचारतो, आत्या रंगवून सांगते. सोमवारी तो घेऊन ती पहिल्या ट्रकसमोर खुर्ची टाकून बसणार आहे, आणि तिला उठवणं माझ्या बापालाही कधी जमलं नाही.

तेव्हा साहेब, त्याआधी लेखी उत्तर द्या: जमीन कोरडी होती, तर तुमचा बूट गिळला कोणी?