बटणाची डिकी

मी डिकी बोलतेय. गाडी नव्हे, डिकी. गाडीचं कौतुक करणारे लोक पुढे उभे राहतात. माझी आठवण येते ती सामान टाकताना, नाहीतर गाडी मागे घेताना कुठे धडकली तर. म्हणून म्हटलं, आता आपणच तोंड उघडावं.

जन्मानं मी साधीसुधी नाही हं. मोठ्या कुटुंबाच्या उंच गाडीची मी बटणाची डिकी. माझ्या दोन्ही बाजूंना मोटरचे दांडे आहेत. बटण दाबलं की मी आपणहून वर जाते, पुन्हा दाबलं की आपणहून खाली येते आणि शेवटचं बोटभर अंतर कुलूपच मला आत ओढून घेतं. शोरूममधला विक्रेता इंजिनाच्या आधी मला दाखवायचा. मीही तेव्हा फार तोऱ्यात होते.

माझ्या कडांना हळव्या पट्ट्या आहेत. खाली येताना त्यांना काही लागलं, की मी थांबते आणि उलटी वर जाते. कुणाचा हात चेमटू नये म्हणून मला तसं शिकवलंय. हे लक्षात असू द्या, कारण याच गुणापायी पुढे मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

पहिले मालक चांगले ताडमाड उंच गृहस्थ होते. पाहुणे आले की बटण दाबून मला उघडमीट करायला लावायचे आणि स्वतःच हसायचे. पुढे एकदा फोनवर बोलत गाडी मागे घेताना त्यांनी मला पार्किंगच्या खांबावर आपटलं. गॅरेजवाल्यानं मला ठोकून सरळ केलं, पोचे पुट्टीनं भरले, रंग मारला. बाहेरून कुणाला शंका येणार नाही असं काम. पण माझी चौकट किंचित तिरकी राहिली आणि कडेचं रबर एका कोपऱ्यात नीट बसलंच नाही. पाऊस आला की तिथून पाणी आत झिरपायचं. मालकांनी कार्पेट उचलून बघितलं, पुन्हा खाली टाकलं आणि गाडी विकायला काढली.

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मला घासूनपुसून लख्ख केलं. कार्पेटखाली ओल तशीच, वर मात्र सुगंधाची कुपी टांगलेली. तिथे मला बाई भेटल्या.

बाईंचा पडद्यांचा व्यवसाय. लोकांच्या घरी जायचं, खिडक्या मोजायच्या, कापड दाखवायचं, शिवून आणायचं आणि लावून द्यायचं. असंच एकदा पडदा लावताना त्या स्टुलावरून पडल्या आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात पहिल्यासारखा वर जाईना. डावा हात एकटा कापडाचे गठ्ठे आणि जड दार, दोन्ही कसं सांभाळणार? म्हणून त्यांना मी हवी होते.

"छोटी गाडी घेऊ ना," त्यांचे यजमान म्हणाले. "एवढं धूड कशाला?"

"मला बटणाची डिकी पाहिजे. बाकी गाडी कसलीही चालेल."

हे ऐकून मी जी फुलले म्हणता! त्या दिवशी कडक ऊन होतं. माझे जुने दांडे उन्हात बरे चालतात. मी अशी झोकात उघडले की सौदा तिथेच ठरला.

पहिले काही महिने आम्ही दोघी सुखात होतो. बाई एकट्या निघायच्या, एकट्या कामं उरकून यायच्या. पडदे वर चढवायला त्यांनी एक माणूस ठेवला होता, तो परस्पर तिथे यायचा. एकच अडचण होती. मी अजून त्या उंच मालकांच्या मापानं उघडत होते आणि बंद करायचं बटण माझ्या खालच्या काठाला, म्हणजे बाईंच्या डोक्याच्या बरंच वर. बाई आजूबाजूला बघायच्या आणि माप घ्यायच्या लाकडी पट्टीनं ते बटण दाबायच्या. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "खांदा? आता खूपच सुधारलाय."

मग थंडी आली आणि माझं एकेक दुखणं वर आलं. दांड्यांतला जोर गेला. बिजागरीपाशी वायरींची जुडी रोज वाकून वाकून आतून तुटायला लागली. पावसाळ्यात झिरपलेल्या पाण्यानं एका गिऱ्हाइकाच्या मोतिया कापडावर पिवळा डाग पडला. आणि तिरक्या चौकटीमुळे खाली येताना माझी एक कड घासायला लागली. मला वाटायचं, मध्ये कुणाचा तरी हात आलाय. मी लगेच वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. टीं टीं टीं!

"लाडावलीय नुसती," म्हणत यजमानांनी मला एक धपाटा घातला. त्याच आठवड्यात ते वाकून गठ्ठा काढत असताना माझा तोल सुटला आणि मी धाडकन त्यांच्या पाठीवर आले. देवाशपथ, मुद्दाम नाही! तेव्हापासून त्यांनी पडद्याचा एक लोखंडी रॉड माझ्याखाली टेकवायला सुरुवात केली. बटणाची डिकी मी, आणि उभी कुबडीवर. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता बाईंना एकटं सोडायला यजमान तयार होईनात. ऑफिसमधून अर्धी रजा टाकून सोबत यायचे, गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसून घड्याळ बघायचे. माणूस वाईट नाही. काळजीच होती ती. पण बाई खिडकी मोजताना घाई करायला लागल्या, गप्प राहायला लागल्या.

एक दिवस यजमानांची मीटिंग होती, म्हणून बाई एकट्याच एका दवाखान्याचे पडदे द्यायला निघाल्या. सामान उतरवलं आणि मी अडून बसले. पट्टीनं बटण दाबून झालं. मी अर्ध्यात येऊन पुन्हा वर. हातानं जोर लावून ओढलं असतं तर आले असते, पण हात पोचायला हवा ना! बाईंनी उडी मारली. पन्नाशीची बाई, भर पार्किंगमध्ये, माझ्यासाठी उडी मारत होती. शेवटी बंपरवर बसून त्या रडल्या. मला इतकं वाईट वाटलं, पण कड घासली की मी वर जाणारच. मला दुसरं काही येतच नाही.

दवाखान्याच्या वॉचमननं मला ओढून लावलं, तेव्हा आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिस्त्रीकडे. त्यानं माझं आतलं अस्तर काढलं, तुटक्या वायरी आणि ओल दाखवली.

"दोन मार्ग आहेत," तो म्हणाला. "दांडे, वायरी, रबर सगळं नवं टाकून चौकट सरळ करायची. नाहीतर मोटर काढून टाकतो, साधी हाताची डिकी होईल. कटकटच नको."

"साधीच करा," यजमान म्हणाले. "मी आहे ना उघडायला."



"जन्मभर उघडणार आहात?" बाईंनी विचारलं.

"उघडेन की! त्यात काय?"

"मला नको असेल तर?"

मिस्त्री उगाचच पाना पुसत बसला.

"अहो, तुम्ही आलात की मला बरंच वाटतं," बाई म्हणाल्या. "पण माझं काम मला एकटीला करायचंय. ते जमणार नसेल, तर ही गाडी तरी कशाला ठेवायची?"

यजमानांनी तुटक्या वायरींची जुडी हातात घेऊन पाहिली. मग मिस्त्रीला म्हणाले, "सगळं नवं टाका."

माझी चौकट सरळ झाली, रबर बसलं, नवे दांडे लागले. गाडी न्यायला दोघं आले तेव्हा मिस्त्रीनं मला अर्धवट वर धरलं. "नव्यानं सगळं बसवलंय, तर कुठपर्यंत उघडायची ते सांगा. मशीन लक्षात ठेवतं. ताई, डाव्या हातात सामान असणार, उजवा वर करा बघू. जेवढा जातो तेवढा."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. मग उजवा हात उचलला. तो खांद्याच्या थोडा वर गेला आणि कानापाशी थांबला.

यजमानांचा चेहरा मी समोरून पाहिला. खूपच सुधारलाय, हेच ते इतके दिवस ऐकत आले होते. ते पुढे झाले, मिस्त्रीच्या हातातून माझी कड स्वतःच्या हातात घेतली आणि बाईंच्या बोटांना टेकेपर्यंत मला हळूच खाली आणलं.

"इथे?"

"इथे," बाई म्हणाल्या.

यजमानांनी बटण दाबून धरलं. टीं, असा एकच आवाज झाला आणि माप पक्कं झालं. ते मागे वळले आणि त्यांचं कपाळ माझ्या काठावर सणकून आदळलं.

"आई गं! आणि मी काय करायचं?"

"तुम्ही वाकायचं," बाई म्हणाल्या, आणि किती दिवसांनी खळखळून हसल्या.

आता बाई पुन्हा एकट्या कामाला जातात. माझ्या पुट्टीला एक बारीक चीर पडलीय, थंडीत मी अजून थोडी करकरते, पण चालतंय. सामान काढताना बाईंनाही जरा मान झुकवावी लागते. कधी सुट्टीच्या दिवशी यजमान सोबत येतात, टेंगूळ चोळतात, पण उंची बदला असं एकदाही म्हणाले नाहीत.

पार्किंगमध्ये भले लोक भेटतात. "ताई, तुमची डिकी पूर्ण उघडत नाहीये," म्हणतात आणि मला वर ढकलायला हात लावतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ढकलू नका हो. मी पूर्ण उघडलेलीच आहे.