सवत जागी आहे

मिस्त्रींच्या बायकोने वर्कशॉपमधल्या लॅपटॉपचं नाव सवत ठेवलं आणि ते सगळ्या गावाने उचललं. गिऱ्हाईक दारात गाडी उभी करायचं आणि स्वतःच्या गाडीची तक्रार सांगायच्या आधी विचारायचं, "सवत जागी आहे ना?" मिस्त्री "आहे, आहे" म्हणायचे आणि मग हात पुसत पुढे यायचे. लोक हसायचे. मिस्त्रीही हसायचे, पण त्यांचं हसू ओठांच्या आत कधी गेलं नाही.

गाड्या विजेवर चालणाऱ्या. दिसायला देखण्या, पण स्वभाव सुनेला छळणाऱ्या सासूचा. ब्रेक बदला नाहीतर साधी वायर बदला, काम झालं की गाडीला लॅपटॉप जोडायचा. लॅपटॉप कंपनीला विचारणार, कंपनी हो म्हणणार, मग गाडी हलणार. कंपनी गप्प बसली तर गाडीने दारातच ठिय्या मारलाच म्हणून समजा. कंपनी धडधाकट होती तोवर या मानपानाचं कुणाला काही वाटत नव्हतं.

मग कंपनी बुडाली. मुख्य कचेरीला कुलूप लागलं. लॅपटॉप नव्याने उघडायचा तर तिथल्या एका साहेबाच्या फोनवर आकडा यायचा आणि तो आकडा साहेब कळवायचे. ते साहेबच घरी बसले. ज्यांचे लॅपटॉप चालू होते त्यांना कंपनीचं यंत्र आपोआप हो म्हणत राहिलं, पण एकदा बंद पडलेला काही केल्या उघडेना. पलीकडच्या गावच्या वर्कशॉपमध्ये वीज गेली आणि तिथला लॅपटॉप बसला तो बसलाच. तिथल्या मेकॅनिकला सगळे जाड्या म्हणत. जाड्याने मिस्त्रींना फोन केला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. "मिस्त्री, तुमचा झोपू देऊ नका. काय वाट्टेल ते करा, पण झोपू देऊ नका." पुढे जाड्याने शटर ओढलं आणि तो सायकली दुरुस्त करायला लागला.

सगळ्या भागात कंपनीचा जागा असलेला लॅपटॉप आता हा एकच उरला, आणि मिस्त्रींच्या गळ्यात धोंड पडली. वीज गेली तर म्हणून त्यांनी एक बॅटरी जोडली, ती दगा देईल म्हणून दुसरी जोडली. वर्कशॉपच्या माळ्यावर अंथरूण टाकलं. आंघोळ दार उघडं ठेवून. जेवताना डाव्या हाताचं एक बोट लॅपटॉपवर. भाचीच्या लग्नाला ते फोनवरून हजर राहिले आणि तेवढ्यासाठी स्वच्छ सदरा घालून बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते प्रकरण होतं.

इकडे बायकोला बढती मिळाली होती. दूरच्या गावात मुख्याध्यापिका, शिवाय राहायला शाळेचं दोन मजली घर. तिथेच तंत्रशाळेत मोटारदुरुस्ती शिकवायला माणूस हवा होता आणि तिने मिस्त्रींसाठी शब्द टाकून ठेवला होता. मिस्त्रींनाही मनापासून जायचं होतं, उगाच त्यांच्यावर आळ घ्यायला नको. "कंपनीचं काय ते एकदा ठरू दे, की मी आलोच," असं ते म्हणायचे, आणि बायकोने वरच्या मजल्यावर त्यांच्या हत्यारांसाठी फळ्याही ठोकून घेतल्या.

पण कंपनीचं ठरेल तर शपथ. आधी टायर बनवणाऱ्यांनी ती घेतली. बातमी आली, फोटो आले, हातात हात आले. मिस्त्रींनी बॅग भरली. पुढे टायरवाल्यांनी ती पैसे गुंतवणाऱ्या कुणाला विकली, तेव्हा त्यांनी बॅगेतले कपडे वापरायला काढले. मग परदेशातले फ्रिजवाले घेणार म्हणे, मग नाही घेणार म्हणे. प्रत्येक नवा मालक सांगायचा की गिऱ्हाइकांनी काळजी करू नये. मिस्त्रींना कुणी काही सांगायचं नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्यांची गत झाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बायको स्वतःच आली. तिने माळा झाडला, चहा केला आणि लॅपटॉपसमोर स्टूल ओढून बसली.

"अहो, एकदा बंद करून बघा ना."

"वेड लागलंय का तुला?"

"बघा तर. उघडला, तर हा दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करता येईल, तुम्ही सुटाल. नाही उघडला, तर राखायलाच काही उरणार नाही. तरी तुम्ही सुटाल."

मिस्त्री एकदम चिडले. "आणि त्या नर्सबाई? त्यांची गाडी बंद पडली तर घरोघरच्या म्हाताऱ्यांना इंजेक्शन कोण देणार? तू? तुला काय जातंय बोलायला!"

"मला काय जातंय ते मलाच माहीत," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता आणि मिस्त्रींना त्याचीच भीती वाटली. "शाळा उघडेपर्यंत या. तंत्रशाळेवाले त्यापुढे थांबणार नाहीत. वरचा मजलाही मी शाळेतल्या नव्या बाईंना देईन, त्यांना जागा नाही. रागावून नाही सांगत हो. दमले मी आता."

मिस्त्री तिला बसवर सोडायला कोपऱ्यापर्यंतही गेले नाहीत. दारातूनच हात केला. वळून आत आले तेव्हा लॅपटॉपचा पडदा उजळ होता, आणि त्यांना लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

शाळा उघडली. मिस्त्री गेले नाहीत, कारण त्याच आठवड्यात फ्रिजवाले पुन्हा घेणार अशी बातमी होती. बायकोचा निरोप आला. जागा भरली, नव्या बाई वर राहायला आल्या, तब्येतीला जपा. मिस्त्रींनी तो पुनःपुन्हा वाचला आणि मनाशी म्हटलं, एकदा इथून सुटलो की सगळं सरळ करू.

आणि फ्रिजवाल्यांनी या वेळी खरंच घेतली. नवी विटी, नवं राज्य. नव्या मालकाची अधिकारी वर्कशॉप बघायला आली ती पाठीला बॅग लावलेली, मिस्त्रींच्या भाचीच्या वयाची मुलगी. मिस्त्री नर्सबाईंच्या गाडीखाली आडवे होते आणि नर्सबाई औषधांची पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या.

"काका, चालू द्या तुमचं. मी फक्त नोंद घेते," मुलगी म्हणाली.

नर्सबाई एकदम ओरडल्या, "अहो बाई, नको!"

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आले. मुलीने लॅपटॉप बंद केला होता, सगळ्या वायरी काढल्या होत्या आणि ती तो उलटा धरून खालचा नंबर टिपून घेत होती.

"काय केलंत हे?" मिस्त्री म्हणाले. "काय केलंत तुम्ही?"

"नंबर खाली असतो ना काका. तो बघायला बंदच करायला लागतो."

सवत गेली. आता नर्सबाईंची गाडी इथेच राहणार. सगळ्या गावच्या गाड्या एकेक करून इथेच येऊन थांबणार. मिस्त्रींना रडू यायला हवं होतं. पण छातीवरून कुणी पाय काढावा तसा श्वास आत गेला, खोल, बेंबीपर्यंत. सुटलो, त्यांना वाटलं. माझ्या हातून नाही झालं, पण सुटलो. हत्यारं कोणत्या पेटीत भरायची हेसुद्धा त्यांनी तेवढ्यात ठरवून टाकलं.

मुलीने लॅपटॉप सुलटा केला आणि बटण दाबलं. पडदा उजळला. मिस्त्रींच्या खिशातला फोन वाजला.

"आकडा आला असेल बघा तुमच्या फोनवर. सांगता?"

मिस्त्रींनी फोन काढला. खरंच आकडा आला होता. त्यांनी तो वाचून दाखवला, मुलीने टाकला, आणि लॅपटॉप उघडला. नर्सबाईंची गाडी जोडली. कंपनीने हो म्हटलं, गाडी हलली.

"हे… हे कधीपासून असं?" मिस्त्रींनी विचारलं.

"आकडा थेट मेकॅनिकच्या फोनवर? ते टायरवाल्यांनीच केलं होतं, अगदी सुरुवातीला. तुम्हाला कळवलं नाही का कुणी?"

कळवणार कोण? आणि करून कोण बघणार? जाड्याचं दुकान तोवर बंद झालेलं, आणि ताकही फुंकून पिणारा दुसरा माणूस इथे पहारा देत बसलेला. नर्सबाई पेटी उचलून निघाल्या. मुलगी म्हणाली, "काका, उद्यापासून हवं तर घरी जाताना बंद करत जा. वीज वाचेल."

मिस्त्रींनी बायकोला फोन लावला. शाळेची मधली सुट्टी असावी. मागे पोरांचा कालवा होता.

"ऐकलंस का? बंद झाला लॅपटॉप."

"झाला?" तिचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. "मग काय केलंत हो?"

"काही नाही. परत चालू झाला. लगेच झाला."

तिकडे कालवा चालू राहिला. मिस्त्रींनी फोन कानाशी घट्ट धरला.

"म्हणजे सुट्टीत मी आले होते, तेव्हाही झाला असता?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "त्याच्या कितीतरी आधीही झाला असता."

तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, निदान रडावं, असं त्यांना फार वाटत होतं.

"मग आता मोकळेच आहात की," ती म्हणाली. आवाज गोड होता. शाळेत पालक भेटायला आले की ती असंच बोलायची. "या ना एकदा. चार दिवस राहून जा."

"येतो," मिस्त्री म्हणाले. राहून जा हे पाहुण्याला म्हणतात, हे त्यांना फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं.