क्रॉसिंगवर झुकलेली मान

"हात खाली, कायानोसान! ही आगगाडी नाही. स्टिअरिंग सोडलंत तर दोघंही भाताच्या खाचरात जाऊ," गाडी शिकवणाऱ्या हात्सुएबाई ओरडल्या.

तोकुजी कायानोने उजवा हात झटकन स्टिअरिंगवर आणला. बत्तीस वर्षं त्याने रेल्वे चालवली होती. सिग्नल दिसला की पांढऱ्या हातमोज्यातला हात पुढे करायचा, बोट रोखायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "मार्ग मोकळा!" नियमच तो. आता कमरेखाली जीव नव्हता. डाव्या हाताशी दांडा होता, ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. उजवा हात स्टिअरिंगला. तिसरा हात देवाने कुणाला दिलाय? तरी सिग्नल दिसला की मेला हात आपला उठायचाच.

आणि हात उठला की सोमा दिसायचा.

दोन वर्षांपूर्वी शिमोझावा स्टेशनातून एका डब्याची गाडी काढताना त्याने सवयीने हात पुढे केला, "मार्ग मोकळा" म्हणाला, आणि डोळे मात्र घड्याळावर. बघितलंच नाही त्याने. मान वर केली तेव्हा बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर पलीकडे राहणाऱ्या सोमाचा छोटा ट्रक रुळांवर आला होता, मागे सफरचंदांच्या पेट्या. सोमा जागीच गेला, तोकुजीचा कणा मोडला. चौकशीत ठरलं की ट्रक न थांबता घुसला. गावालाही ते पटलं. फक्त सोमाची बायको म्हणत राहिली, "आमचे हे तीस वर्षं तिथे थांबत आले. त्या दिवशीही थांबलेच असणार."

पण तोकुजीला छळणारी गोष्ट वेगळीच होती. काचेआडचा सोमाचा चेहरा घाबरलेला नव्हता. त्याने तोकुजीकडे बघून मान झुकवली होती. का? गाडी अंगावर येत असताना कुणी मान झुकवतं? न्हाणीघराच्या वाफेत, बंद टीव्हीच्या काचेत ती मान झुकायची आणि वर यायचीच नाही.

ऑक्टोबरात सोमाचं दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध होतं. त्याआधी लायसन्स काढायचं, स्वतः गाडी चालवत क्रॉसिंगपलीकडच्या त्याच्या घरी जायचं, उदबत्ती लावायची आणि त्याच्या बायकोला सांगायचं की मी बघितलं नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीत बसून माफी मागायला जाणं त्याला पटत नव्हतं.

"आज शिमोझावाचं क्रॉसिंग," बाई म्हणाल्या. "जमलं तर परीक्षेला पाठवते."

"दुसरीकडचं नाही चालणार?"

"परीक्षक तुमच्या भुताला ओळखत नाही, कायानोसान. चला."

रुळांअलीकडे त्याने गाडी थांबवली, काच खाली केली, कान दिला. सगळं नियमाप्रमाणे. डावीकडे स्टेशनातून एका डब्याची गाडी निघाली. तिच्या समोरच्या काचेआड एक पांढरा हातमोजा उठला आणि पुढे आला.

बत्तीस वर्षं त्याने हा हात आतून पाहिला होता, बाहेरून कधीच नाही. बाहेरून तो सिग्नलकडे रोखलेला वाटतच नव्हता. अरुंद रस्त्यावर समोरचा गाडी थांबवून "तुम्ही आधी" म्हणत हात करतो ना, अगदी तसाच. त्यावर आपण मान झुकवून आभार मानायचे आणि निघायचं, ही इथल्या माणसाची लहानपणापासूनची खोड.

तोकुजीची मान झुकली. डाव्या हाताने दांडा ओढला.

बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी हातभर पुढे जाऊन गचकन थांबली आणि डबा भोंगा वाजवत नाकासमोरून गेला.

"जीव घेताय का माझा? डोळ्यांनी दिसत होती ना गाडी?" बाई ओरडल्या. "आणि मान कुणाला झुकवलीत?"

तोकुजीला रडू फुटलं. "त्या हाताने मला 'तुम्ही आधी' म्हटलं, बाई."

"कोण म्हणालं?"

"सोमा थांबला होता हो. माझा हात बघून निघाला. आभार मानत निघाला."

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला परीक्षेला पाठवू शकत नाही."

"नका पाठवू. मला आत्ता पलीकडे न्या. तुमच्या गाडीतून न्या, कसंही न्या. सोमाची बायको दोन वर्षं एकटीच खरं बोलतेय."

"न्यायचं कसं? माझ्याकडे फक्त ब्रेक आहे," बाई म्हणाल्या. "चालवायचं तुम्हालाच."

तोकुजीने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. पुन्हा दोन्हीकडे बघितलं. मग हात न उचलता, काही न बोलता, त्याने दांडा ओढला.