द्वारकाबाईचा वाटा

चतुराबाईनं मांडलेला पहिलाच वाटा मुन्नानं हातानं मोडला आणि त्यातली वांगी परत ढिगात ढकलून दिली.

"आई, आजपासून वाटे न्हाई. किलोनं विकायचं."

त्यानं थैलीतून नवा काटा काढून गोणपाटाच्या मधोमध ठेवला. जमीन उंचसखल होती म्हणून एका बाजूला खापराचा तुकडा सारून तो सरळ केला. बटण दाबल्यावर काचेत तांबडे आकडे उजळले तसा मुन्नाचा चेहराही उजळला. चतुराबाईनं हातातलं वांगं खाली ठेवलं. काटा आणणार हे त्यानं घरी सांगितलं असतं तर गावाहून, साखऱ्याहून निघायच्या आधीच ती भांडली असती. पण पोरानं तो जीपमधून उतरेपर्यंत थैलीत दाबून ठेवला होता.

मुन्ना वाईट पोरगा नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. आईचं वय झालं, लोक तिला गंडवतात, वाट्यात माल जास्त जातो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

सेनगावच्या बाजारात चतुराबाई लग्नानंतर सासूचं बोट धरून बसायला लागली. सासू गेली आणि जागा तिच्याकडे आली. धंदा सरळ होता. विहिरीजवळच्या तुकड्यात निघालेली वांगी, जोडीला थोडी कोथिंबीर आणायची, गोणपाटावर वांग्यांचे सारखे वाटे लावायचे, आणि सगळ्या वाट्यांचा भाव एकच, आता वीस रुपये. गिऱ्हाइकानं वाटा बघायचा, पटला तर उचलायचा, न पटला तर पुढं व्हायचं. कुणाशी वाद नाही की कुणाला हिशेब सांगणं नाही. पदरात टाकताना वर एखादं वांगं घालायचं, की बाई हसून जाते. एवढ्यावर तिचा संसार झाला होता.

पण सगळे वाटे सारखे होते हे काही खरं नव्हतं, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता तो त्यापायीच.

द्वारकाबाई बाजारामागच्या गल्लीत राहायची. नवरा होता तेव्हा तिच्या घरी पंगती उठलेल्या लोकांनी पाहिल्या होत्या. आता नवरा नव्हता, आणि नांदायला गेलेली लेक दोन लेकरं घेऊन परत आली होती. द्वारकाबाई लोकांच्या साड्यांना फॉल लावून घर चालवायची. पण ताठा असा की सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. चतुराबाईनं एकदा तिच्या थैलीत फुकट कोथिंबीर टाकली, तर तिनं ती काढून परत गोणपाटावर ठेवली होती. "माझे हात धड हायेत अजून," म्हणाली होती. चतुराबाईला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग चतुराबाईनंच युक्ती काढली. बाजारात सगळे विकणारे करतात तसं तीही मोठी वांगी वर आणि बारकी खाली लावायची. फक्त उजव्या गुडघ्याजवळच्या एका वाट्यात उलटं करायची. तिथं गोणपाटाला थोडा खोलगा करून मोठाली वांगी खाली दडवायची आणि वर बारकी रचायची. दिसायला तो वाटा इतरांसारखाच, पण थैलीत पडला की दुप्पट. द्वारकाबाई यायची, पैसे द्यायची, चतुराबाई पटकन वाटा थैलीत लोटायची. "चतुरा, तुझा वाटा लई दांडगा असतो हो," द्वारकाबाई म्हणायची, आणि शेजारपाजारच्या बायांनाही तिच्याकडेच जा म्हणून सांगायची. सगळ्यांना तेवढाच मिळतो असं तिला वाटायचं. चतुराबाईनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, घरात नवऱ्यालाही नाही. दिलेलं बोलून दाखवलं की ते दिलेलं राहत नाही, असं सासू म्हणायची.

आता ह्या तांबड्या आकड्यांपुढं काय करायचं?

मुन्ना एका गिऱ्हाइकाशी बोलत होता तेवढ्यात तिनं मोठी वांगी वेचून पदराआड सारली. पण त्याचं लक्ष होतं.

"हे काहून बाजूला काढलं?"

"असंच."

"कुणी सांगून ठेवलं का?"

"न्हाई."

"मग टाक इकडं. मोठा माल समोर पायजे." त्यानं ती वांगी उचलून ढिगावर रचली.

थोड्या वेळानं तिनं त्याला चहा आणायला पाठवून पाहिलं. त्यानं बसल्या जागेवरून हॉटेलवाल्याला हाक मारली आणि चहा तिथंच आला. चतुराबाईनं तो प्यायला खरा, पण गोड होता की अगोड हे तिला कळलं नाही.

द्वारकाबाई आली तेव्हा किसनराव उभे होते. कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी पाऊण तास घासाघीस करणारे म्हणून किसनराव साऱ्या बाजाराला ठाऊक होते. त्यांच्यामागं आणखी दोघीतिघी होत्या.

"अगं चतुरा, आज वाटे कुठं गेले?"

चतुराबाई ढिगातली वांगी उगाच सारखी करू लागली. उत्तर मुन्नानंच दिलं.

"काटा आणला मावशी. आता कुणाची तकलीफ न्हाई. किती देऊ?"

"वीसची दे नेहमीसारखी."

मुन्नानं अर्धा किलो तोलून तिच्या थैलीत ओतली. द्वारकाबाईनं थैलीत वाकून पाहिलं, मग काट्याकडं पाहिलं.

"एवढीच?"

"अर्धा किलो हाय मावशी. बराबर."

"अरे, तुझी माय मला वीसात ह्याच्या दुप्पट देते. एवढ्यात तर एक वेळचं कोरड्यासबी व्हायचं न्हाई. तुझा काटा खोटा हाय."

ती रागानं बोलत नव्हती. जे नेहमीचं होतं तेच ती बोलत होती. पण किसनरावांचे कान टवकारले.

"दुप्पट? मी पण वाटाच नेतो इथून. मला तर कधी दुप्पट भेटला न्हाई."

"मला बी न्हाई," मागची एक बाई म्हणाली.

मुन्ना तांबडालाल झाला. तो उठला, शेजारच्या किराणावाल्याकडून मिठाचा किलोचा पुडा आणला आणि काट्यावर ठेवला. काट्यानं एक किलो दाखवलं. त्यानं पुडा काढून पुन्हा ठेवला. पुन्हा एक किलो.

"पाहा सगळ्यायनं. काटा खरा हाय."

"काटा खरा हाय," किसनराव म्हणाले, "मग वाटे खोटे होते. म्हणजे बाई, तू तोंड पाहून माल देत होती. एकीला दुप्पट, आमाला निम्मा. एवढी वर्सं आमी डोळे झाकून नेला."

माणसं थांबू लागली. बाजारात भांडणाला गिऱ्हाईक फार. कुणी म्हणालं, वाट्यात हे असंच असतं. कुणी म्हणालं, वर मोठं ठेवून खाली किडकं घालतात.

"आई, सांग ना त्यायला," मुन्ना म्हणाला. मग त्याचाच आवाज उतरला. "आई? खरंच कमी-जास्त होते का वाटे?"

चतुराबाईनं मान खाली घातली. एका वाक्याचं काम होतं. लोकांना भावाप्रमाणे देत होते आणि ह्या बाईला गरीब म्हणून जास्त देत होते, एवढं म्हटलं की तिच्या नावावरचा डाग धुऊन निघाला असता. पण ते वाक्य ह्या गर्दीत, द्वारकाबाईच्या तोंडावर बोलायचं? त्यापेक्षा चोर म्हणवून घेतलेलं काय वाईट? तिला रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता. चांगलं करायला गेले आणि हे होऊन बसलं.

"माझा हात चुकत असंल," ती पुटपुटली.

"चुकतो तर एकीकडंच काहून चुकतो?" किसनरावांनी पकडलं.

चतुराबाईनं फक्त एकदा वर पाहिलं, ते द्वारकाबाईकडं. पाहायला नको होतं.

द्वारकाबाईचा थैली धरलेला हात हळूहळू खाली आला. आतापर्यंत ती मोठ्या तोऱ्यात, न्यायाचं बोलणाऱ्या माणसासारखी उभी होती. आता तिनं पदर पुढं ओढला, पुन्हा सारखा केला, उगाच परत सारखा केला. बाजारात एवढा गलका होता, पण त्या दोघींना तो ऐकू येत नसावा.

"थांबा किसनराव," द्वारकाबाई म्हणाली. "त्या बाईला बोलू नका. माझीच गफलत झाली."

"कशी काय?"

"मी दर बाजारी दोन वाटे नेत होते. पैसेबी दोनाचे देत होते. आज ध्यानातच न्हाई राह्यलं."

"आत्ता तर वीस म्हणत होत्या तुमी!"

"म्हातारी झाले. डोस्कं चालत न्हाई आता." ती हसली. मुन्नाच्या हातावर तिनं वीसची नोट ठेवली, बोटांनी दाबून ठेवली, आणि वळली. दर वेळी जाताना "येते गं चतुरा" म्हणायची, ते आज म्हणाली नाही.

मुन्नानं केवढा तरी श्वास सोडला. मागच्या बाया पुढं सरकल्या.

"पाह्यलं का?" किसनराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चार वांगी ज्यास्त भेटावी म्हणून बाई कशी खोटं बोलली! चांगल्या घरची म्हणे. पोरा, काटा आणला ते लई बेस केलं. अशा लोकायनं तुझ्या मायला बुडवलं असतं."

"तेच तर मी हिला सांगून राहिलो," मुन्ना म्हणाला. "व्हय ना आई? खोटंच बोलत होती ना ती?"

द्वारकाबाई अजून फार लांब गेली नव्हती. पुढं जीपवाल्यानं गाडी आडवी घातली होती म्हणून वाट तुंबली होती. तिची पाठ चतुराबाईला दिसत होती, आणि त्या पाठीला सगळं ऐकू येत होतं हेही दिसत होतं. जीप हलली, माणसं चालू लागली, पण द्वारकाबाई तिथंच उभी राहिली.

नाही म्हणावं तर लोक विचारणार, मग खरं काय? खरं सांगितलं तर द्वारकाबाई भिकारी ठरणार, आणि नाही सांगितलं तर लबाड. त्यातलं कोणतं घ्यायचं ते द्वारकाबाईनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. चतुराबाईच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

"आई, विचारून राहिलो ना. खोटंच बोलत होती ना?"

"व्हय," चतुराबाई म्हणाली. मग पुढं ऐकू जावं म्हणून तिनं ते आणखी एकदा, मोठ्यानं म्हटलं. "व्हय, खोटंच बोलत होती."

तेव्हा कुठं द्वारकाबाई चालायला लागली.