ब्रिटाची फीत

सोल्व्हेगच्या मुलाचं, आर्लेनचं, ब्रिटाशी लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्याची गोष्ट. ब्रिटाच्या जिवाला धोका निर्माण झाला म्हणून डॉक्टरांनी पाचव्या महिन्यातच बाळ काढलं आणि शहरातल्या इस्पितळात, पाण्याने भरलेल्या पारदर्शक पिशवीत ठेवलं. तिथे ते मजेत वाढत होतं. इकडे मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात ब्रिटाला मात्र कोणी 'कितवा महिना' म्हणून विचारीना. आपण बाळाची आई, की नुसती भेटायला जाणारी बाई, हेच तिला कळेनासं झालं होतं.

चर्चच्या तळघरात बायकांनी तिचं डोहाळजेवण केलं. बटाटे-खिम्याचा हॉटडिश झाला, केक झाला, आणि सोल्व्हेगने सवयीने फितीचं रीळ आणि कात्री फिरवली. आईच्या पोटाचा घेर ओळखून प्रत्येकीने फीत कापायची. जिची जुळेल तिला जिरेनियमची कुंडी. दर डोहाळजेवणाला हाच खेळ. सगळ्यांच्या फिती कापून झाल्यावर सोल्व्हेगच्या लक्षात आलं, की मोजायला पोटच नाही. तिचा चेहरा उतरला. ब्रिटाने मान खाली घातली.

नव्वदीची हुल्डामावशी म्हणाली, "पोट इथे नाही ना? मग जिथे आहे तिथे जाऊ. आणि ब्रिटा, तूही काप. पोट जवळ असतं म्हणून आईला खेळू देत नाहीत. तुझ्याजवळ कुठंय?"

ब्रिटाने फीत कापली. लगेच चर्चची बस बर्फातून निघाली, उरलेला हॉटडिश आणि कुंडी यांच्यासकट. आत नुसता धुमाकूळ. मावशीचं म्हणणं, तिच्या वेळी अशी पिशवी असती तर सहाही बाळांच्या वेळी ती नाचायला गेली असती. कोणी म्हणालं, पुढे पिशव्या घरी देतील, नवऱ्यांनी सांभाळायच्या.

"आर्लेनकडे नको," सोल्व्हेग म्हणाली. "त्याच्याकडे गळाला लावायची मासळी दोन दिवस जगत नाही."

ब्रिटा इतकी हसली की तिला उचकी लागली.

इस्पितळात काचेपलीकडच्या नर्सने आधी डोळे वटारले. मग बँडेजची स्वच्छ पट्टी पिशवीभोवती धरून तेवढीच कापली आणि बाहेर आणून दिली. एकेकीची फीत त्या पट्टीशी लावून पाहिली. बहुतेकींनी भोपळ्याएवढा घेर धरला होता. मावशीच्या फितीत तर गाय मावली असती. ब्रिटाची मात्र टोकाला टोक जुळली.

"लबाडी आहे. ही दिवसाआड येऊन बघते," मावशी कुरकुरली. पण कुंडी तिनेच ब्रिटाच्या हातात ठेवली आणि विचारलं, "कितवा गं तुला?"

"सातवा," ब्रिटा म्हणाली.

मार्चअखेर बाळ पिशवीतून बाहेर आलं. मुलगी झाली. हुल्डामावशी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारली.